हाकेच्या अंतरावर

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की सगळा हिशोब तासांचा असतो. सकाळी बाळ अंगावर नीट पीत असतं. दुपारी ओढणं मंदावतं. दिवेलागणीला हातपाय लुळे पडतात, आणि रात्री रडणं इतकं क्षीण होतं की घरच्यांना वाटतं, आज बाळ शांत झोपलं. आता हेच तास गडचिरोलीतल्या जंगलातल्या एखाद्या गावात, ऐन श्रावणात मोजून पाहा. नाल्याला पूर, एसटी बंद, तालुक्याचा दवाखाना कित्येक कोस लांब. आई ओली बाळंतीण, तिने उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज. त्या दवाखान्यात कितीही निष्णात बालरोगतज्ज्ञ बसलेला असला, तरी त्याचा हात या बाळापर्यंत पोचत नाही.

मुलांच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे खाटा किती, डॉक्टर किती, यंत्रं किती अशी होते. त्या मोजणीला किंमत आहेच. पण पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या मुलाबाबत मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: बाळाचं दुखणं जिला ओळखता येतं आणि त्यावर काय करायचं हे जिला ठाऊक आहे, अशी बाई त्या घरापासून किती लांब राहते? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं फार मोठं काम महाराष्ट्रातच झालं आहे, आणि ते पुरतं न वापरण्याची चूकही महाराष्ट्रातच होते आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा होता, चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झालेला. गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवायला लागल्यावर ठळकपणे समोर आला तो न्यूमोनिया. त्याचं औषध स्वस्त होतं आणि तोंडाने देता येत होतं. अडत होतं ते ओळखण्यापाशी. साधा सर्दी-खोकला कुठला आणि न्यूमोनिया कुठला, हे कळायला श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त श्वास होत असतील तर तो धोका समजायचा. पण गावातली दाई निरक्षर, दहा-बाराच्या पुढे तिची मोजणी जात नाही. मग तिच्यासाठी एक साधन तयार झालं. एकीकडे मिनिटभराची वाळूची घडी, दुसरीकडे ओळीने ओवलेले मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. घडीतली वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं.

या कामाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जिथे गावातच उपचार मिळत होते, तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू झाले होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हा आकडा १७.५ होता. न्यूमोनिया झालेल्या दर शंभर मुलांमागे एकाहूनही कमी मूल दगावलं, तर तुलनेच्या गावांत तेरा-चौदा दगावली. मोजायला न येणाऱ्या दायांनीसुद्धा हे करून दाखवलं.

तरी नवजात बाळं हाताबाहेरच होती. जन्मापासून पहिल्या २८ दिवसांत जी जातात ती बाळं बहुतेक घरात, अंधाऱ्या खोलीत, कुणीही न पाहता जात. १९९३ ते ९५ या काळात ‘सर्च’ने ३९ गावांत नोंदी घेतल्या, तेव्हा दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्याच महिन्यात मरत होती. त्या वेळचं वैद्यकशास्त्र सांगत होतं, अशा बाळाला दवाखान्यात हलवा. आईबाप हलवत नव्हते, आणि त्यांना हेकट ठरवणं सोपं होतं. बंग यांनी उपचारच घरी न्यायचा ठरवला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत.

आरोग्यदूत घरी येते तेव्हा काय करते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आधी ती हात धुते, साबणाने, कोपरापर्यंत. मग बाळाला लगेच हात लावत नाही. आईला विचारते, रात्री किती वेळा प्यायलं, ओढतंय का, आवाज कसा आहे. मग काखेत थर्मामीटर. मग बाळाला झोळीत घालून काट्याला टांगते आणि वजन घेते. अडीच किलोच्या आतलं असेल तर फेऱ्या वाढतात, दोन किलोच्या आतलं असेल तर जास्तच. बेंबी पाहते. छाती आत ओढली जाते का, पोट फुगलंय का, हे पाहते. पोटरी आणि तळवा हाताच्या पाठीने चाचपून अंग गार आहे का बघते. शिकवताना सात खुणा पक्क्या करून घेतल्या होत्या: पिणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, उलटी किंवा पोटफुगी, अंग गार पडणं, छाती जोरात आत ओढली जाणं, बेंबीत पू होणं. एकाच वेळी यांपैकी कुठल्याही दोन दिसल्या की जंतुसंसर्ग धरायचा. मग आईबापांना सांगायचं, दवाखान्यात न्या. ते नाही म्हणाले तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने देण्याचं औषध घरीच सुरू करायचं.

खेड्यातल्या बाईच्या हाती नवजात बाळाचं इंजेक्शन देणं या कल्पनेने तेव्हा पुष्कळ डॉक्टर अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता मी चुकीची म्हणणार नाही. औषध जपून वापरण्यासारखंच होतं. पण उत्तर आकड्यांनी दिलं. १९९९ च्या अखेरीस पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या शोधनिबंधात दिसलं की तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर २५.५ वर आला होता, तर शेजारच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के मरत, आता २.८ टक्के. दर अठरा बाळांच्या देखभालीमागे एक जीव वाचत होता.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढच्या विश्लेषणात निघाली. वाचलेल्या जिवांपैकी साधारण एक-तृतीयांश इंजेक्शन-औषधामुळे वाचले होते. जवळजवळ तितकेच वाचले ते कमी वजनाच्या बाळाची नीट देखभाल झाल्यामुळे, म्हणजे ऊब, वेळेवर अंगावर पाजणं आणि सतत लक्ष यांमुळे. बाळाला लगेच न्हाऊ न घालता कोरडं पुसून गुंडाळणं, डोकं झाकणं, आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लागेल असं धरून ठेवणं. याला पैसा लागत नाही. लागते ती त्या दोन-तीन दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकणारी बाई. सासूबाई जिचं ऐकतात अशी, त्याच गावची, त्याच बोलीत बोलणारी.

महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली आला आणि विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत हा विषय पोचला. त्याआधी १९९२ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीत आणि पाठोपाठ मेळघाटात मुलं मोठ्या संख्येने गेली होती. दर पावसाळ्यात बातमी यायची आणि पावसाबरोबर ओसरायची. २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभरच्या ‘आशा’ स्वयंसेविकांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा आशाताईने घरी जायचं. राज्यातला अर्भक मृत्युदर २०२० साली हजारी १६ होता, देशाचा २८. हे यश अनेकांचं आहे, त्यात रस्ते, लसी, रुग्णवाहिका सगळं येतं. पण त्यात या फेऱ्यांचा वाटा मोठा आहे.

मूल जगलं. ते वाढतंय का?

इथे महाराष्ट्राने मान वर काढावी अशी स्थिती नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे ३४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ च्या पाहणीत ३५ टक्के. उंचीच्या मानाने हडकुळी मुलं दोन्ही वेळा २६ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या श्रीमंत राज्यात आकडा हललाच नाही. आणि तो हलू शकतो, हे आपण एकदा पाहिलंय. मराठवाड्यात विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी कुपोषणाविरुद्ध मोहीम चालवली, त्या अनुभवातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. मिशनने नवी इमारत बांधली नाही की नवं अन्न वाटलं नाही. अंगणवाडी आणि आरोग्य खातं यांना एकाच मुलाकडे एकत्र पाहायला लावलं, आणि प्रत्येक मुलाचं वजन खरं लिहा, वाईट आकडा लिहिला म्हणून कुणावर कारवाई होणार नाही, असं सांगितलं. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत ती २३ टक्के निघाली.

खुजेपण येतं कुठून? बरंच आईच्या पोटात येतं. अठराच्या आत लग्न, अंगात रक्त कमी, शेवटच्या महिन्यापर्यंत शेतात वाकलेली पाठ, आणि बाळ फार मोठं झालं तर बाळंतपण अडेल या भीतीने मुद्दाम कमी खाल्लेली भाकरी. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना आली ती यासाठीच, आणि ती योग्य जागी मारलेली पाचर आहे.

मग जन्मानंतरचा पहिला तास. राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी पहिल्या तासात अंगावर पाजलं जातं ते निम्म्याहून जरा जास्त बाळांना. हा दोष अडाणी सासूवर ढकलता येत नाही. त्या तासाला बाळ दवाखान्यातल्या माणसांच्या हातात असतं. पहिलं दाट पिवळसर दूध, चीक, ही बाळाची पहिली लस, हे आता खेड्यातल्या म्हाताऱ्याही सांगतात. पण दवाखान्यात बाळ छातीशी द्यायला कुणी मोकळं नसतं.

पण खरी घसरण होते ती सहा महिन्यांनंतर, आणि फार हळू होते म्हणून डोळ्यांत भरत नाही. तोवर बाळ आईच्या दुधावर गुटगुटीत असतं. मग उष्टावण होतं, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने वाटीत काय येतं? वरणाचं वरचं पाणी. पातळ पेज. चहात बुडवलेलं बिस्कीट. सात महिन्यांच्या बाळाचं पोट लहानसं. ते पाण्याने भरलं की भूक मेली, पण अंगाला काही लागलं नाही. आईला वाटतं, पोटभर जेवलं. अंगणवाडीतली जाणती ताई अशा वेळी भाषण देत नाही. ती चमचा तिरपा करून दाखवते. घास चमच्यावरून ओघळला तर तो पातळ, तसाच टिकून राहिला तर बरोबर. वरणातलं खालचं दाट घ्यायचं, भात त्यात बोटांनी कुस्करायचा, वर तेल किंवा तूप चमचाभर सोडायचं, जमेल तेव्हा अंडं, पिकलेलं केळं, शेवग्याचा पाला. बाळाची वाटी वेगळी हवी, म्हणजे त्याने किती खाल्लं ते कळतं. मोठ्यांच्या ताटातून भरवलेल्या मुलाने चार घास खाल्ले की सात, कुणालाच सांगता येत नाही. राज्यात सहा ते तेवीस महिन्यांच्या दर दहा मुलांपैकी जेमतेम एकाला पुरेसा आहार मिळतो. हे फक्त गरिबीने समजावता येत नाही, कारण पैसेवाल्या घरांतही वाटीत तेच पाणी असतं आणि जोडीला कुरकुऱ्यांची पुडी.

यात आईचा वेळ हा मोठा घटक आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. लहान पोटाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात असलेल्या आईने ते केव्हा द्यायचं? मूल सहा-सात वर्षांच्या ताईच्या काखेत असतं. दिवाळीनंतर कुटुंब तोडणीला गेलं की मूल गावच्या अंगणवाडीच्या पटावर राहतं आणि फडावरच्या कुठल्याच पटावर येत नाही. पाळणाघर ही चैन मानणं आपण सोडलं पाहिजे. फडावर, भट्टीवर, मोठ्या बांधकामावर ते पाण्याच्या टाकीइतकंच आवश्यक आहे.

वाढ म्हणजे फक्त वजन-उंची मानली, तर अर्धं मूल सुटतं. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुज्या राहिलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. नऊ महिने ते दोन वर्षांची १२९ मुलं. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर एक आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून पाहिलं, तेव्हा ज्यांच्याशी खेळलं-बोललं गेलं होतं त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती.

हे वाचताना मराठी वाचकाला तारा मोडक आठवायला हव्यात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिराचं काम केलेल्या ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं काही येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात चटई टाकायची, आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचं, नखं काढायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं मांटेसरीच्या पेटीतली नव्हती. शिंपले, चिंचोके, गुंजा, पानं, खडे होते. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम वाढलं, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचलं. नाव पोचलं, खिचडी पोचली. खेळ आणि गप्पा मात्र मागे राहिल्या. अलीकडे ‘आरंभ’सारख्या उपक्रमात तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांचे मेळावे भरतात, बापही येतात, रिकाम्या डब्यात खडे घालून खुळखुळा करायला शिकतात. मला त्यात कोसबाडचा धागा पुन्हा हाती लागल्यासारखा वाटतो.

बाळाशी बोलायचं म्हणजे काय, हे सांगायला वेगळा वर्ग लागत नाही. चार महिन्यांचं बाळ ‘अग्गं’ म्हणालं की त्याच्याकडे पाहून ‘अग्गं’ म्हणायचं आणि थांबायचं. ते पुन्हा काही म्हणेल. या थांबण्यात सगळं आहे. आपली पाळी असते हे बाळ इथे शिकतं. मोबाइल बडबडगीत म्हणतो, पण थांबत नाही, म्हणून त्यातून बाळ बोलायला शिकत नाही. आणि हे बोलणं घरच्या बोलीतच व्हायला हवं: गोंडी, कोरकू, वारली, पावरी, जी असेल ती. शाळेत मराठी अडेल या धास्तीने आईने बाळाशी तोडक्या मराठीत बोलू नये. जी भाषा तिला भरभरून येते तीच मुलाला शहाणं करते.

हे सगळं करणार कोण? पुन्हा तीच, हाकेच्या अंतरावरची बाई. आशाताईच्या सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. नंतर १५ महिन्यांपर्यंत दर तिमाहीला आणखी फेऱ्या जोडल्या गेल्या. अंगणवाडी सेविकेला वजनं, पोषण आहार, पूर्वशिक्षण, त्यावर मोबाइलमधल्या ॲपची माहिती आणि मतदार यादीपासूनची कामं. राज्यातल्या सेविका आणि मदतनिसांचा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप जवळजवळ दोन महिने चालला. मागणी होती मानधनाची, पेन्शनची, ग्रॅच्युइटीची, जी देय असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच दिला होता. ज्या बाईच्या डोळ्यांवर आणि हातांवर आपण बाळाचा जीव सोपवतो, तिचा अर्धा दिवस रकाने भरण्यात जात असेल, तर चमचा तिरपा करून दाखवायला ती कुठून वेळ काढणार? मुलांच्या वाढीचा प्रश्न इथे मजुरीच्या प्रश्नाला येऊन मिळतो, आणि तसाच तो मांडला पाहिजे.

गावाच्या हातातही काही आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो शिलाई मशीनवर आणि हळदीकुंकवावर जातो, कारण ग्रामसभेत दुसरं कुणी काही मागत नाही. मागायला हवं ते अगदी साधं आहे. गेल्या ग्रामसभेपासून गावात किती बाळं जन्मली, आणि त्यांपैकी किती अडीच किलोच्या आतली? आशाताईच्या फेऱ्या झाल्या का, नसतील तर का नाही? अंगणवाडीतला काटा बरोबर आहे का. एक किलोची पिशवी टांगून तिथल्या तिथे पाहता येतं. कुठल्या मुलाच्या वजनाची रेघ सलग दोन महिने आडवी आहे? तक्त्यावर मूल अजून हिरव्या पट्ट्यात असेल, पण रेघ चढायची थांबली असेल, तर त्याच महिन्यात घरी जायला हवं. खालच्या पट्ट्याची वाट पाहण्यात दोन-तीन महिने हातचे जातात. आणि ओढ्यापलीकडच्या पाड्यावर पावसाळ्यात कोण जातं? बहुतेक गावांत या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसतं. तिथलीच एखादी आठवी-नववी शिकलेली सून शोधून, तिला शिकवून, तिच्या हाती थर्मामीटर, काटा आणि महिन्याचं मानधन देणं त्या दहा टक्क्यांतही बसू शकतं.